सरगाठ

शमीम,

हे सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. टाळण्याची कारणं दर वेळी नवी होती आणि चांगली होती. आधी केंद्राची अडचण नको म्हणून, मग तुझं लग्न ठरलं म्हणून, मग माझी निवृत्ती जवळ आली म्हणून. शेवटी "आता तिला आठवतही नसेल" म्हणून. हे सगळ्यांत सोयीचं होतं. ते मी दहा-बारा वर्षं वापरलं.

मंगळवारी सकाळी रुबीनाचा फोन आला. तुझ्या लेकीचा आवाज थेट तुझा आहे. क्षणभर वाटलं तूच बोलते आहेस, आणि खरं सांगतो, आनंद झाला नाही. भीती वाटली.

"तुम्ही अम्मीचे सर ना?" ती म्हणाली. "अम्मी शनिवारी गेली. संध्याकाळी मगरीबच्या नमाजाआधी दफनही झालं. तुमचा नंबर आज तिच्या वहीत मिळाला."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. मग ती म्हणाली, "वहीत तुमच्याबद्दल आणखी पण काहीतरी आहे. मला नीट कळलं नाही. रविवारी लोणावळ्याला येते, वही घेऊन."

आज शुक्रवार. श्रावण संपत आला आहे आणि धुकं इतकं आहे की घराचं फाटक खिडकीतून दिसत नाही. कुणी आलं तर दारात उभं राहीपर्यंत कळायचं नाही. परवा दुपारी वीज गेली. फ्रीजरची घरघर थांबली, आणि घर एवढं शांत झालं की मी उठून उगाच नळ सोडला.

वहीत काय आहे ते मला ठाऊक नाही. म्हणून ती यायच्या आधी लिहितो आहे. वही बोलण्याच्या आधी मी बोललेलं बरं, असा हिशेबी विचार त्यात आहे. तोही लपवत नाही.

तुझ्यावर इतर लोक लिहितील. कामशेतच्या आतारांची लेक, काही वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मग वडिलांचं अत्तराचं दुकान चालवलं. ते त्यांनी लिहावं. मी लिहितो आहे ते दोन कुप्यांबद्दल. करंगळीएवढ्या काचेच्या दोन कुप्या माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे एका पत्र्याच्या डब्यात आहेत. आतलं अल्कोहोल केव्हाच उडून गेलं, तळाशी पांढरट थर तेवढा उरला आहे. एकीच्या गळ्याला हिरवा दोरा, दुसरीच्या पांढरा.

वाचणाऱ्यासाठी थोडं सांगावं लागेल. तुला चालेल. बाजारात बसलेल्या माणसाला जे सांगता येत नाही ते आपल्यालाच समजलेलं नसतं, असं तूच मला ऐकवायचीस.

सेरामाइड हा एक स्निग्ध पदार्थ. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो थोडा थोडा असतो. पेशीवर संकट आलं की त्याचं प्रमाण वाढतं, आणि पुष्कळदा त्यानंतर पेशी मरते. धसमुसळेपणाने नाही, शिस्तीत मरते. आधी शेजारणीचा हात सोडते, मग आक्रसते, मग अंगावर फोड यावेत तसे फुगे येतात आणि तिचे तुकडे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळं आवाज न करता चालतं. प्रश्न असा होता, की सेरामाइड हा मरणाचा निरोप, की मरणाच्या वेळी तिथे सापडलेला नुसता साक्षीदार? तपासायचं तर ते बाहेरून देऊन बघायला हवं. पण पेशीतल्या सेरामाइडच्या शेपट्या लांब असतात. ते पाण्यात विरत नाही, गोळे होऊन राहतं, पेशीत शिरत नाही. म्हणून रसायनवाल्यांनी आखूड शेपटीचं कृत्रिम सेरामाइड बनवलं. ते शिरतं. आणि त्याच्या जोडीला त्याचं जुळं भावंड बनवलं. सगळं हुबेहूब तेच, फक्त एके ठिकाणी एक दुहेरी बंध नाही. तेही पेशीत शिरतं, पण काही करत नाही. पहिल्याने पेशी मेल्या आणि दुसऱ्याने जगल्या, तरच म्हणता येतं की मारलं ते निरोपाने, नुसत्या तेलकटपणाने नाही.

तू त्यांना नावं ठेवलीस, बोलका आणि मुका. वराळ्याजवळच्या आपल्या त्या लहानशा संशोधन केंद्रात सहा माणसं काम करत असताना एकदा तू मोठ्याने विचारलंस, "सर, मुका संपत आलाय. मागवायचा का?"

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मागवून मिळत असता तर काय हवं होतं, मॅडम!"

तू कानापर्यंत लाल झालीस. दुसऱ्या दिवसापासून बोलकी कुपी आणि मुकी कुपी असं सुरू केलंस. मी म्हणालो, "वहीत मात्र शास्त्रीय नाव लिही. तपासणीला कुणी आलं आणि त्याने मुका वाचला, तर माझी नोकरी जाईल."

माझी गेली नाही.

कुप्यांना दोरे बांधायची युक्तीही तुझी. म्हणजे तुझ्या अब्बांची. सेरामाइड शुद्ध अल्कोहोलमध्ये विरघळवून गोठवून ठेवायचं, काचेतच, कारण प्लास्टिकला ते चिकटतं. आणि अल्कोहोलचा एक थेंब ओघळला की कुपीवरची शाई गेली. चिकटपट्ट्या गारठ्याने सुटायच्या. आपण महिनाभर वैतागलो, आणि एका रविवारी तू मला कामशेतच्या दुकानात घेऊन गेलीस. बोळासारखं दुकान, भिंतभर कुप्या, एकीवरही अक्षर नाही. प्रत्येकीच्या गळ्यात रंगीत दोरा.

आतारचाचांनी मला स्टूल दिलं आणि म्हणाले, "सर, तेलापुढं शाई टिकत न्हाई. दोरा टिकतो. डोळं मिटून बी कळतं कंची खस आन कंचा मोगरा."

"डोळे मिटून रंग कसा कळेल, चाचा?"

"रंग तुमच्यासाठी हाय, गिऱ्हाइकासाठी. आमाला गाठ कळती." त्यांनी माझा अंगठा धरून एका कुपीच्या गळ्यावरून फिरवला. बारीक, टणक, डाव्या अंगाला कललेली गाठ. दोरा ओला करून दोन वेढे द्यायचे, टोक खालून काढायचं. सुकला की ती निरगाठ पुन्हा सुटायची नाही, कापावीच लागायची.

मी करून पाहिलं. ओढल्याबरोबर माझी गाठ सरकली आणि दोरा हातात आला. तू हसलीस. "सर, ही निरगाठ नाही झाली, सरगाठ झाली." मग थांबून, डोळे बारीक करून म्हणालीस, "नावच बघा ना. सर-गाठ. सरांची गाठ."

"शमे! मास्तरला असं बोलत्यात व्हय?" चाचा ओरडले, आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसले. निघताना मला दारापर्यंत सोडायला आले. "पोरीला लय शिकवा, सर. आमच्यात कुनी एवढं शिकलं न्हाई. पर गाठ तिला म्या शिकवलीय, ती तेवढी इसरू दिऊ नका."

त्या दिवसापासून बोलकीला हिरवा दोरा, मुकीला पांढरा.

आपलं एक भांडण राहून गेलं आहे. बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर सुरू झालेलं. केंद्राची सहल होती, बाकीचे मागे राहिले आणि आपण दोघं वाद घालत पुढे.

तू म्हणत होतीस, "पण सर, दोन कार्बनची शेपटी पेशीत असतेच कुठे?"

"नसू दे. ती किल्ली आहे. किल्ली भिंतीत नसते म्हणून काय कुलूप उघडत नाही?"

"किल्ली नाही सर, पहार आहे. दार पहारीनेही उघडतं."

लेण्यात शिरल्यावर तू म्हणालीस, आवाज द्या. मी "ओ" दिली. आतून "ओ" आली. "हे लेणं बोललं का?" तू विचारलंस. "तुमचाच आवाज आहे. आपण पेशीत ओततो आणि काहीतरी परत येतं, तेही असंच असेल तर?" मग चाचांचं एक वाक्य सांगितलंस. बनावट गुलाबाने नाक फसतं, कपडा फसत नाही, दुसऱ्या दिवशी त्याला भलताच वास येतो. "आपण पेशीला दुसऱ्या दिवशी विचारलंच नाही, सर. ती आपलं आखूड सेरामाइड मोडून त्यातून स्वतःचं लांब बनवत असेल तर मारतंय कोण? आपलं की तिचं?"

मी म्हणालो, हे प्रबंधात घालू नकोस, परीक्षक अडवतील. पुढे ही शंका पुष्कळांनी घेतली. आज कुणी कृत्रिम सेरामाइड वापरलं तर हा प्रश्न त्याला विचारतातच. तुझा प्रबंध तोपर्यंत उरलेला नव्हता.

आता त्या दिवसाकडे यावं लागेल.

केंद्र बघायला बाहेरून पाहुणे येणार होते. संचालकांनी बजावलं होतं, सगळं नीटनेटकं हवं. आदल्या दिवशी चाचा दुकानाच्या पायरीवरून घसरले म्हणून तू रजा टाकलीस. मी सकाळी फ्रीजर उघडला. हिरवा आणि पांढरा दोरा बघून मला लाज वाटली, शमीम. एरवी कधी वाटली नव्हती. पण मोठ्या शहरातली माणसं येणार, आणि माझ्या फ्रीजरात मांत्रिकाच्या ताईतासारखे दोरे. मी कात्री घेतली आणि दोन्ही कापले. सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या.

पाहुण्यांनी फ्रीजर उघडलासुद्धा नाही. चहा घेतला, भिंतीवरचे तक्ते पाहिले आणि गेले.

दुपारी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला आपले नमुने जायचे होते. त्यांना आपला प्रयोग स्वतः करून बघायचा होता. कुरिअरवाला फाटकात मोटरसायकल चालू ठेवून उभा. मी कुप्या काढल्या, उघडल्या, अर्धं अर्धं नव्या कुप्यांत ओतलं. हातमोज्यांवर अल्कोहोल सांडलं होतं. झाकणं लावून बघतो, तर दोन्ही चिठ्ठ्या माझ्या बोटांना चिकटून आलेल्या आणि दोन्ही काचांवर सारखाच निळा डाग. ओट्यावर डाव्या बाजूला एक जोडी, उजव्या बाजूला एक.

वासाने कळत नाही. रंगाने कळत नाही. पेशींना देऊन दोन दिवस थांबलं असतं, तर कळलं असतं. तुला फोन केला असता, तर तू थांबा म्हणाली असतीस. बाहेर हॉर्न वाजला. मी मनाशी म्हणालो, डावीकडची बोलकी असणार. तुझ्या खणातली रिळं काढली आणि चारही कुप्यांना दोरे बांधले. लाज वाटून कापलेले दोरे घाबरून परत बांधले. चार गाठी घातल्या, जोर लावून, सुटू नयेत म्हणून. चारही सरगाठी.

पुढच्या आठवड्यात तू हाक मारलीस. "सर, जरा बघता?"

मी डोळा लावला. हिरव्या दोऱ्याच्या बशीत पेशी तळाला घट्ट बसलेल्या, एकमेकींना धरून, सुखी. पांढऱ्या दोऱ्याच्या बशीत एकही धड नव्हती. सगळ्या सुटून वर तरंगत होत्या. जिथे काही घडायलाच नको तिथे स्मशान झालं होतं. तुझा आवाज खाली गेला होता, घरात कुणी अत्यवस्थ असताना माणसं बोलतात तसा.

"सर, मुकी बोलली."

"हात चुकला असेल."

"तीनदा केलं."

"मग चौथ्यांदा कर."

तू निघालीस, दारात वळलीस. "माझ्या रजेच्या दिवशी कुप्या कुणी बाहेर काढल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. "हो" म्हणालो असतो तर सगळं तिथे संपलं असतं. दोरे बदलले असते, त्या प्रयोगशाळेला फोन केला असता, तू मला आठवडाभर चिडवलं असतंस. पण "हो" म्हटलं की "का" आलं. दोरे का कापले, याचं उत्तर तुझ्यासमोर द्यायचं होतं. ते मला जमलं नाही. पाहुण्यांच्या पुढे तुझ्या अब्बांची लाज वाटली, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

मग त्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांच्याकडे तुमची निरुपद्रवी कुपी पेशी मारते आणि मारणारी काहीच करत नाही, तेव्हा तुमचे आधीचे निष्कर्ष खरे मानायचे कसे? पत्र संचालकांच्या नावाने होतं. चौकशी बसली.

टेबलावर चार कुप्या ठेवल्या होत्या, दोन तिकडून परत मागवलेल्या. संचालकांनी दोरा चिमटीत धरून कुपी उचलली. "ही प्रयोगशाळा आहे की उरुसातलं दुकान?" दोघंतिघं हसले. मी हसलो नाही, पण गप्पही बसायला नको होतं. मग त्यांनी मला विचारलं, "कुप्यांची खूण कोण ठेवतं?"

"शमीम."

हे खोटं नव्हतं. या एका गोष्टीच्या आधाराने मी किती वर्षं झोपलो आहे, तुला कल्पना नाही.

तुला म्हणाले, "मिस आतार, ही खूण तुमचीच ना?" तू कुपी घेतलीस. बर्फ नव्हता, हातमोजे नव्हते. तुझा अंगठा गळ्यावरून फिरला आणि एका जागी थांबला. मग तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. वर्गात एखादा मुलगा उत्तर माहीत असूनही हात वर करत नाही, तेव्हा आपण त्याच्याकडे बघतो तसं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिलो.

"दोरा माझाच आहे, सर," तू म्हणालीस.

दोरा. गाठ म्हणाली नाहीस. खोलीत हा फरक कळणारी दोनच माणसं होती.

तुझी पीएचडीची नोंदणी रद्द झाली. 'निष्काळजीपणा' असा शब्द वापरला, आणि त्या कागदावर मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे. कुप्या नष्ट करायला माझ्याकडे दिल्या. मी दोन नष्ट केल्या, दोन घरी आणल्या आणि चारही नष्ट केल्याची नोंद केली. का ठेवल्या, विचारशील तर सांगता येत नाही. पुरावा म्हणून ठेवल्या म्हणावं, तर तो मी कधी कुणाला दाखवला नाही.

त्यानंतर महिनाभराने तळेगावात माझ्या दारी चाचा आले होते. हे तुला त्यांनी सांगितलं होतं की नाही, माहीत नाही. पाय अजून दुखत होता, काठी होती. आत आले नाहीत. खिशातून मोगऱ्याची कुपी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "पोरीनं चूक केली म्हनत्यात. तिच्या हातची गाठ आजवर कंदी चुकली न्हाई, सर. पर तुमी म्हनता तर आसंल. पदरात घ्या. लेकरू हाय."

मी म्हणालो, "बघतो, चाचा."

बघतो! पुढच्या वर्षी ते गेले.

मला पुढे सगळं मिळालं. बढती, निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ, लोणावळ्यात हे घर. तुझं लग्न देहूरोडच्या डेपोतल्या माणसाशी झालं, ते मी केंद्रातल्या कुणाकडून ऐकलं. पुढे तू कामशेतला परत येऊन दुकान उघडलंस, तेही ऐकलं. पुण्याला जाता-येता गाडी कामशेतला थांबली की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरत असे. तू फलाटावर असण्याचं काही कारण नव्हतं. तरी.

दोन महिन्यांपूर्वी कळलं, तुझी मूत्रपिंडं थकली आहेत. तेव्हा मात्र निघालो. लोणावळा ते मळवली, मळवली ते कामशेत, तेवढ्या वेळात एक वाक्य पाठ केलं. लहानच होतं.

तू गल्ल्यामागे उशीला टेकून बसली होतीस. मनगटं काडीसारखी झालेली. मला बघून दचकली नाहीस. "या सर. उशीर केलात," म्हणालीस, जणू मी रोज अकराला येणारा.

"कशी आहेस?"

"पेशी शिस्तीत चालल्यात," तू म्हणालीस आणि हसलीस. मला हसता आलं नाही. "खस देऊ? खरी आहे. दुसऱ्या दिवशी कपड्याला विचारून बघा."

कुपी भरलीस, झाकण लावलंस, हिरवा दोरा काढलास. तुझी बोटं थरथरत होती. दोनदा प्रयत्न केलास, मग कुपी माझ्यापुढे सरकवलीस.

"गाठ तुम्ही मारा, सर."

मी मारली. तू टोक धरून हलकेच ओढलंस आणि दोरा निघून आला. तो बोटाला गुंडाळत तू म्हणालीस, "अजून सरगाठच."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फोन वाजला नाही. रस्त्यावरही कुणी हाक मारली नाही. तू वाट बघत होतीस, आणि वाट बघते आहेस हे मला कळत होतं. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं.

"चारची गाडी आहे माझी," मी म्हणालो.

"व्हय," तू म्हणालीस, अगदी चाचांसारखं. "गाडी चुकवू नका."

*

सोमवार.

काल रुबीना येऊन गेली. धुक्यामुळे खरंच दारात येईपर्यंत दिसली नाही. वही तुझी जुनी, केंद्रातली, निळ्या पुठ्ठ्याची. तिने एक पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"हे कसलं चित्र आहे? मला वाटलं विणकामाचं असेल."

पेन्सिलने काढलेल्या दोन गाठी. डावीकडे, डाव्या अंगाला कललेली. खाली लिहिलेलं, 'अब्बांची निरगाठ.' उजवीकडची ढिली, एका फाशाची. खाली, 'सरगाठ.' वर तारीख. ती चौकशीची नाही, शमीम. ती 'मुकी बोलली' त्या दिवसाची आहे. म्हणजे दारात वळून मला विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं. तू माहिती विचारतच नव्हतीस.

त्याच्या खाली एक ओळ. 'सर सांगतील.'

चौकशीच्या तारखेला पुन्हा तेच. 'सर सांगतील.' मग पुष्कळ कोरी पानं. अगदी शेवटी, वाकड्यातिकड्या अक्षरात, दोन महिन्यांपूर्वीचं, 'आज सर आले. चारच्या गाडीने गेले.'

मी पाच दिवस ज्याला घाबरलो ते हेच. त्यात तुझी एक शिवी सापडली असती तर मी तुझा उपकार मानला असता.

"तुम्हाला काय सांगायचं होतं तिला?" रुबीनाने विचारलं.

मी शुक्रवारी लिहिलेले कागद तिला दिले. तिने सगळे वाचले, सावकाश, एक पान दोनदा. फ्रीजरमधला डबा आणून मी कुप्या तिच्यासमोर ठेवल्या. तिने हात लावला नाही. नुसती दोऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोन स्टेशनांवर तर होती ती."

केंद्राला मी पत्र लिहिलं आहे. दोरे कोणी कापले, गाठी कोणी मारल्या, खोटं कोण बोललं, सगळं नावानिशी. तुझ्या नावापुढचा 'निष्काळजीपणा' काढून तो माझ्या नावापुढे लिहावा, असं मागितलं आहे. पत्राची प्रत आणि हे छापायची परवानगी रुबीनाला दिली. तिने दोन्ही पिशवीत ठेवलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ते काम तिचं नाही. निघताना कुप्या घेऊन जा म्हटलं, तर म्हणाली, "नको. गाठी तुमच्या आहेत."

फाटकापर्यंत सोडायला गेलो. दहा पावलांवर ती दिसेनाशी झाली.

लोणावळा ते कामशेत पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आहे. ते असं होतं:

शमीम, त्या गाठी माझ्या होत्या, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तुझं काही चुकलं नव्हतं. मला माफ कर.